डोक्याचं दिसलं, कमरेचं झाकून राहिलं

डिसेंबर २०२४ च्या अखेरीस आमच्या शेजारच्या शेगाव तालुक्यात माणसांचे केस गळू लागले. बोंडगाव, कालवड, हिंगणा, कठोरा ही गावं एकदम वर्तमानपत्रांत झळकली. आधी डोकं खाजायचं, मग केसांतून हात फिरवला की पुंजका हातात यायचा, आणि तीन-चार दिवसांत टक्कल. बघता बघता अठरा गावांतली २७९ माणसं मोजली गेली. वाहिन्यांच्या गाड्या आल्या, पाण्याचे नमुने गेले, डोक्याच्या कातडीचे तुकडे तपासणीला गेले, भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची पथकं येऊन गेली.

आमचं वरवट बकाल संग्रामपूर तालुक्यात, शेगावच्या वाटेवर. त्या दोन महिन्यांत गटाच्या बैठकीत दुसरा विषय नव्हता. भीती होतीच. पण त्या गदारोळात बाईच्या कातडीकडे आपण कसं बघतो हे जे लख्ख दिसलं, त्याबद्दल कुणी लिहिलं नाही, म्हणून हे लिहिते आहे.

पुरुषांचे केस गेले तेव्हा अनेकांनी सरळ डोकं तासून घेतलं. टोपी, रुमाल घातला आणि कामाला लागले. त्यांनाही त्रास झालाच. दुकानात लोक लांब बसायला लागले, लग्नाच्या तरण्या पोरांना स्थळं नाकारू लागली. पण मुलींचं काय झालं? कॉलेज बंद. ओढणी डोक्यावर घट्ट. आई बाहेर सांगणार, "ताप आला आहे." बाईचं टक्कल आपल्याकडे कधीच नुसतं टक्कल नसतं. त्यात केशवपनाची सावली असते. विधवांचं डोकं भादरायचं नाही म्हणून १८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतल्या नाभिकांनी एकजूट केली होती. त्याला आता सव्वाशेहून जास्त वर्षं झाली, तरी केस नसलेली बाई पाहिली की गावाचा चेहरा अजून तसाच होतो.

आणि दोष कुणाचा? पहिल्या आठवड्यातच निकाल लागला होता : "पोरी शांपू लावतात, त्याचं फळ." ज्यांनी आयुष्यात रिठ्याशिवाय काही लावलं नाही अशा म्हाताऱ्यांचेही केस गेले, दाढीमिशीवाल्या पुरुषांचेही गेले, तरी शांपू काही दिवस सुटला नाही. आजार अंगावर दिसला की आधी बाईची नटण्याची हौस तपासायची, ही आपली जुनी रीत.

खरं कारण कुठे सापडलं ते पाहा. अधिकाऱ्यांनी आधी बुरशी सांगितली, मग पाण्यातले क्षार आणि नायट्रेट. आमचा हा सगळा पूर्णा खोऱ्यातला खारपाणपट्टा. पाणी वाईट आहे हे सांगायला आम्हाला प्रयोगशाळा लागत नाही. पण त्याच पाण्यावर पिढ्या गेल्या, केस तर शाबूत होते. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर, विंचूदंशावरच्या कामासाठी ज्यांना आपण ओळखतो, ते स्वतः गावांत आले, रक्त, लघवी, केसांचे नमुने घेतले. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यांनी मांडलं की दोष रेशनच्या गव्हात आहे. पंजाबकडून आलेल्या त्या गव्हात सेलेनियम हे मूलद्रव्य किलोमागे १४.५२ मिलिग्रॅम निघालं. एरवी ते १.९ च्या आसपास असतं असं त्यांनी सांगितलं. गहू धुऊन घेतला तरी आकडा १३.६१ वर राहिला. शिवाय लोकांच्या रक्तात जस्त कमी.

सेलेनियम शरीराला लागतं, पण अगदी सूक्ष्म प्रमाणात. जास्त झालं तर ते केस आणि नखं ज्या प्रथिनाची बनतात त्यात गंधकाची जागा घेतं आणि केस मुळाशीच ठिसूळ होतो, असं मानतात. चीनमधल्या एन्शी भागात १९६० च्या दशकात असंच झालं होतं, माणसांचे केस आणि नखं दोन्ही गेली होती. पंजाबातल्या होशियारपूर-नवांशहर पट्ट्यातल्या काही जमिनीत सेलेनियम जास्त आहे हेही शेतीशास्त्रज्ञांना खूप आधीपासून माहीत होतं. आमच्याकडे एप्रिल २०२५ मध्ये काहींची नखंही पडू लागली. बहुतेकांचे केस मात्र पुढे पुन्हा उगवू लागले.

म्हणजे जो गहू बाई रांगेत उभी राहून आणते, निवडते, दळते, भाजते, त्यातून हे आलं. दोष शांपूचा नव्हता, पोरींचाही नव्हता. तो होता गव्हाचं पोतं तपासायला माणूस नसण्याचा. (गाजरगवतही पीएल ४८० च्या अमेरिकन गव्हाबरोबर आपल्याकडे आलं असं म्हणतात. १९५० च्या दशकात ते पुण्यात पहिल्यांदा नजरेत भरलं आणि आता निंदणाऱ्या बायकांच्या हातांना, मानेला, पापण्यांना त्यानेच खाज सुटते. स्वस्त धान्याची किंमत कुणाच्या कातडीने मोजली जाते, याचा कधीतरी सलग हिशेब मांडायला हवा.)

आता दुसऱ्या बाजूला या. केस डोक्यावर होते, दिसले, म्हणून दिल्लीपर्यंत हललं. जे दिसत नाही त्याचं काय?

बाईच्या कमरेकडे बघा. परकराची नाडी जिथे बांधतो तिथे, पन्नाशी ओलांडलेल्या जवळजवळ प्रत्येक बाईला एक काळी पट्टी असते. कातडी जाड, खरखरीत, कधी सोललेली, कधी चिघळलेली. मी एका बैठकीत हा विषय काढला तेव्हा आधी सगळ्या हसल्या. मग एक मावशी म्हणाली, "माय, कमरेचं काय सांगाचं, सगळ्याच बायाइले असते ते." आणि खरंच, एकीने पदर बाजूला करून दाखवलं तशा बाकीच्या दाखवू लागल्या. बावीस बायकांपैकी सतरा जणींना काळा वळ होता, तिघींना ओली जखम. एकीची जखम गेल्या दिवाळीपासूनची. तिने त्यावर काय लावलं होतं? हळद, मग खोबरेल, मग मुलाच्या पायाला आणलेलं कसलंसं मलम. नवऱ्याला माहीत होतं का? नाही. सुनेला? नाही. डॉक्टरकडे ती दोनदा गेली होती, गुडघ्यासाठी. कमरेचं बोलली नाही.

हे हसण्यावारी नेण्याजोगं नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये वर्ध्याजवळच्या सावंगीच्या आणि बिहारमधल्या मधुबनीच्या वैद्यकीय महाविद्यालयांतल्या डॉक्टरांनी एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात दोन बायकांची हकीकत छापली. एक सत्तर वर्षांची, कमरेच्या उजव्या बाजूला दीड वर्ष न भरणारी जखम. दुसरी साठी ओलांडलेली, चाळीस वर्षं कमरेला घट्ट कसून लुगडं नेसणारी. दोघींच्याही जखमेच्या तुकड्यात कर्करोग निघाला. दुसरीचा तर जांघेतल्या गाठीपर्यंत पोचला होता. जुनाट, न भरणाऱ्या जखमेतून होणारा हा कातडीचा कर्करोग. त्याला वैद्यकात आधी 'साडी कर्करोग' म्हणत. या डॉक्टरांचं म्हणणं, दोष साडीचा नाही, घट्ट दोरीचा आहे, म्हणून 'परकर कर्करोग' म्हणावं. धोतराने होणाऱ्या अशाच कर्करोगाची नोंद तर मुंबईत वसंत रामजी खानोलकर आणि सूर्याबाई यांनी १९४५ सालीच केली होती. माहिती ऐंशी वर्षांची आहे, ती परकराच्या गाठीपर्यंत यायची राहिली.

घाबरवण्यासाठी हे लिहीत नाही. असा कर्करोग क्वचित होतो. काळी पट्टी म्हणजे कर्करोग नव्हे. नाडी रुंद करा, सुती पट्टी लावा, बांधायची जागा रोज बोटभर वरखाली करा, घरी असताना सैल सोडा, घाम पुसून कोरडं ठेवा. बहुतेकींचं एवढ्याने थांबतं. पण महिनाभर भरत नसलेली, कडा जाड झालेली, रक्त किंवा वास येणारी जखम असेल तर ती दाखवायची आणि तुकडा तपासा म्हणायचं. 'तुकडा काढला की पसरतो' हे खोटं आहे.

मला प्रश्न पडतो तो दाखवण्याचाच. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांत केलेला अभ्यास १९८९ साली प्रसिद्ध झाला तेव्हा आपल्या चळवळीत केवढी चर्चा झाली होती. ९२ टक्के बायकांना कुठला ना कुठला स्त्रीरोग, आणि त्याआधी तपासणी झालेल्या शंभरात आठसुद्धा नाहीत. तेव्हापासून आपण पांढऱ्या पाण्याबद्दल, पाळीबद्दल बोलायला शिकलो. शिबिरं घेतली, चित्रं काढली. कातडी मात्र आपल्या शिबिरांत आली नाही. ती 'सौंदर्या'च्या खात्यात गेली, आणि सौंदर्य म्हटलं की आपण कार्यकर्त्या नाक मुरडतो. आपल्या या नाक मुरडण्याचा फायदा मलमवाल्यांनी घेतला, असं माझं स्पष्ट मत आहे.

नायट्याचंच घ्या. गजकर्ण म्हणा, दाद म्हणा. कमरेला, जांघेत, स्तनांखाली, काखेत गोल कडा वर आलेला, खाजणारा चट्टा. ही बुरशी, घाम आणि ओल मिळाली की वाढते. कापूस वेचणारी बाई सकाळी दवात भिजते, दुपारी घामात, त्याच परकरात रात्रीपर्यंत राहते. धुतलेला परकर उन्हात टाकायचा नाही, पुरुषांना दिसेल म्हणून साडीखाली झाकून वाळवायचा. तो वाळतच नाही. लाज ओली राहते आणि बुरशी पोसते. मग ती पोराला पाठवून दुकानातून पंधरा-वीस रुपयांची 'खाजेची ट्यूब' मागवते. त्या ट्यूबमध्ये बुरशीचं औषध असतं, जंतूंचं असतं आणि सोबत जोरकस स्टेरॉइड असतं. क्लोबेटासॉल, बीटामेथासॉन अशी नावं बारीक अक्षरांत असतात. स्टेरॉइडने खाज दोन दिवसांत थांबते. बाईला वाटतं, काय औषध आहे! पण बुरशी मरत नाही, उलट कातडीची लढण्याची ताकद दबते. ट्यूब थांबवली की दुपटीने उसळते, कडा पुसट होतात, डॉक्टरलाही ओळखू येईना होतं. वर्षभर लावली की कातडी कागदासारखी पातळ, जांघेत लाल-जांभळ्या चिरा, त्या कायमच्या. २०१८ मध्ये सरकारने अशी चौदा स्टेरॉइड मलमं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असा नियम केला. आमच्या भागात मी चिठ्ठी मागणारा दुकानदार शोधते आहे.

नायट्याचं खरं औषध कंटाळवाणं असतं. साधं बुरशीनाशक मलम, चट्ट्याच्या बोटभर बाहेरपर्यंत, सकाळ-संध्याकाळ, आणि चट्टा गेल्यावरही दोन आठवडे. फार पसरला असेल तर गोळ्या, त्या डॉक्टरनेच द्यायच्या. कपडे गरम पाण्यात, वाळवायचे उन्हात, उलटे करून. टॉवेल वेगळा. अलीकडे टर्बिनाफिन नावाच्या नेहमीच्या औषधाला दाद न देणारी बुरशी देशात पसरली आहे, तिला शास्त्रज्ञांनी नावच भारतावरून 'इंडोटिनी' असं दिलं. म्हणजे महिनाभरात गुण नसेल तर ट्यूब बदलत बसू नका, तपासून घ्या. आणि घरात ज्याला ज्याला आहे त्या सगळ्यांचा उपचार एकाच वेळी.

इथे गाडी अडते. खरजेचंही तेच. रात्री वाढणारी खाज, बोटांच्या बेचक्यांत, बेंबीभोवती बारीक पुरळ. पर्मेथ्रिनचं मलम मानेपासून तळव्यांपर्यंत रात्रभर लावायचं, आठवड्याने पुन्हा, आणि घरातल्या प्रत्येकाने त्याच रात्री, खाज असो वा नसो. बाई लावते, पोरांना लावते. सासरे म्हणतात, "मले काय झालं?" नवरा म्हणतो, "चिकट होते." पंधरा दिवसांत खरूज परत, आणि ठपका कुणावर? "हिच्या माहेराहून आणली." मी तर आता बायकांना सांगते, मलम लावायच्या रात्री आधी नवऱ्याची पाठ चोळा, मग स्वतःची. काही जणींनी केलं. एकीचा नवरा उठून ओसरीवर झोपायला गेला.

गोरं करण्याच्या क्रीमवर मी जास्त लिहीत नाही, त्यावर आपण बायका पुष्कळ बोललो आहोत. एवढंच सांगते की २०२२ मध्ये अकोल्यातल्या एकाच घरातल्या मायलेकींची, तिघींची, मूत्रपिंडं अशा क्रीमने बिघडली. मुंबईच्या केईएम रुग्णालयात शोध घेतला तेव्हा क्रीममध्ये पारा निघाला. आमच्या तालुक्यात मूत्रपिंडाचे आजार आधीच घरोघर आहेत. बाळंतपणानंतर गालांवर येणारा वांग उन्हाने गडद होतो. डोक्यावरून पदर, रुंद रुमाल, भर दुपारचं काम टाळता आलं तर टाळणं, हे पहिलं औषध. ते मजुरीवर जाणारीच्या हातात कितीसं आहे, हा प्रश्न आहेच.

आणि कोड. पांढरे डाग. ते शिवल्याने होत नाहीत, ताटातून होत नाहीत, मासे-दूध एकत्र खाल्ल्याने होत नाहीत. शरीराचीच रोगप्रतिकारशक्ती रंग बनवणाऱ्या पेशींवर उलटते म्हणून होतात. कोडाचा आणि कुष्ठरोगाचा काडीचा संबंध नाही. पुण्यात डॉ. माया तुळपुळे यांनी, स्वतःला कोड असताना, श्वेता असोसिएशन उभी केली, कोड असलेल्यांचे मेळावे घेतले. 'नितळ' हा सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर यांचा चित्रपट (२००६) याच विषयावरचा. गटात दाखवण्याजोगा आहे.

कुष्ठरोगाचा चट्टा वेगळा असतो. फिकट किंवा लालसर, आणि तिथे स्पर्श कळत नाही, खाज येत नाही, घाम येत नाही. खाजत नाही म्हणून बाई दुर्लक्ष करते, तिथेच घात होतो. सरकारी दवाखान्यात गोळ्या फुकट मिळतात, सहा महिने किंवा वर्षभर, आणि लवकर सुरू केल्या तर हातपाय वाकडे होत नाहीत. जोडीदाराला कुष्ठरोग आहे म्हणून घटस्फोट मागण्याचं कायद्यातलं कलम २०१९ मध्ये काढून टाकलं. हे अजून किती वकिलांना आणि किती सासूबाईंना माहीत आहे? शोधमोहिमेत आशाताई दारात येते, विचारते, "अंगावर चट्टा आहे का कुणाच्या?" आतून सून काही बोलायच्या आत सासू म्हणते, "नाई बाप्पा, आमच्या घरी तसलं काई नाई." खडूची खूण भिंतीवर होते, आशाताई पुढच्या घरी. तिला दोष देऊ नका, तिला दिवसाला किती घरं दिलेली असतात ते बघा. पण सुनेची पाठ कुणी बघितली? स्वतःची पाठ स्वतःला दिसत नाही, आणि आपल्याकडे बाईची पाठ उजेडात दुसऱ्या कुणाला दिसण्याची सोय नाही.

म्हणून आमच्या गटाने एक साधी गोष्ट सुरू केली. महिन्यातून एकदा, बैठकीनंतर, एका खोलीत दार लावून, खिडकी मात्र उघडी ठेवून, दोघी-दोघींनी एकमेकींची पाठ, कंबर, मांड्यांची मागची बाजू बघायची. चट्टा दिसला तर कापसाच्या बोळ्याने स्पर्श करून विचारायचं, कळतंय का. ओलं दिसलं तर कधीपासून ते विचारायचं. निदान आम्ही करत नाही, मलम देत नाही. ज्यांना दाखवायला हवं त्यांच्याबरोबर एकजण ग्रामीण रुग्णालयात जाते आणि तपासायच्या टेबलापर्यंत सोबत राहते. बाई एकटी गेली की कमरेची जखम गुडघा होते, हे आम्ही पाहिलं आहे.

पहिल्या वेळी सातजणी थांबल्या होत्या. तरुण सुनांपेक्षा म्हाताऱ्या लवकर तयार झाल्या, हे मला अपेक्षित नव्हतं. शिवणकाम करणाऱ्या दोघींनी आता परकराला नाडीऐवजी तीन बोटं रुंद सुती पट्टा लावायला घेतला आहे. बाजारात तो खपतो का ते पाहायचं आहे.

सरकारकडे मागायचं तेही मागायला हवं. तालुक्याच्या ठिकाणी आठवड्यातून एक दिवस कातडीचा डॉक्टर, आणि तपासणीच्या जागी पडदा व बाई परिचारिका. शेगावच्या गावांतून घेतलेल्या नमुन्यांचे सगळे निकाल मराठीत, ग्रामपंचायतीच्या फळ्यावर. रेशनच्या गोदामात येणाऱ्या गव्हाची तपासणी आणि तिचा कागद दुकानात लावलेला. हा तिसरा मुद्दा आम्ही पुढच्या ग्रामसभेत मांडणार आहोत. तुमच्या गावात केस गळले नसतील. तरी तुमच्या दुकानातला गहू कुठून येतो ते पोत्यावरचा शिक्का वाचून एकदा लिहून ठेवा आणि आम्हाला कळवा.